रॅम वाढवायची की नाही, हे कोणी ठरवायचे?

जून-जुलैत कॉलेजचे प्रवेश सुरू झाले की अँटॉप हिलच्या सीजीएस कॉलनीत, विजय नगरात, कल्पक इस्टेटमध्ये घराघरांत नवा लॅपटॉप येतो. पसंती मुलाची, पैसे वडिलांचे, आणि पुढचे हप्ते सगळ्या घराचे. बिल फाडायच्या आधी काउंटरवरचा माणूस हमखास एक प्रश्न टाकतो : "यात आठ जीबी आहे साहेब. सोळा करून देऊ का? नंतर हँग व्हायला लागला तर परत खेप पडेल." त्या वेळी तिथे उभ्या असलेल्या कोणाकडेही या प्रश्नाचे माहितीवर आधारलेले उत्तर नसते. मुलाला अजून अभ्यासक्रमच कळलेला नसतो. रॅम म्हणजे नेमके काय, हे विचारायला वडील संकोचतात. आईला तर कोणी विचारतच नाही. तरीही उत्तर दिले जाते, आणि बहुतेक वेळा ते "हो, टाकून द्या" असेच असते. ज्या घरात भाजीच्या पाच रुपयांसाठी घासाघीस होते, त्याच घरात काही हजारांचा निर्णय अर्ध्या मिनिटात आणि निव्वळ भीतीपोटी होतो. ही गोष्ट मला साधी वाटत नाही.

माझे म्हणणे असे, की या प्रश्नाला त्या दिवशी उत्तर देऊच नये. मशीन घरी आणावे, महिना-दोन महिने त्यावर खरे काम करावे, मोजावे आणि मग ठरवावे. पण त्यासाठी दोन गोष्टी लागतात. मशीन उघडता येणारे हवे, आणि ते उघडायची आपली तयारी हवी. पहिली गोष्ट कंपन्या हळूहळू आपल्याकडून काढून घेत आहेत. दुसरी आपण आपणहून टाकून दिली आहे, आणि मला जास्त दुःख त्या दुसरीचे आहे.

आधी मोजण्याबद्दल. रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा, आणि फाइली साठवायची डिस्क म्हणजे शेजारचे फडताळ. ओटा ऐसपैस असला तर चार पदार्थांची तयारी एकदम मांडता येते. तो अपुरा पडला की एकेक भांडे फडताळात ठेवायचे आणि लागेल तेव्हा पुन्हा काढायचे, असे हेलपाटे सुरू होतात. लॅपटॉप 'हँग होतो' म्हणतात तेव्हा पुष्कळदा आत हेच हेलपाटे चाललेले असतात. पण ज्या घरात दोघांचा वरणभात शिजतो, तिथे ओटा दुप्पट केला म्हणून भात लवकर होत नाही. रॅमचे गणित एवढेच आहे. पुरेशी असेल तर जास्तीची काही कामाची नाही, आणि अपुरी असेल तर दुसऱ्या कशानेही भागत नाही.

आमच्या इमारतीतली एक मुलगी माटुंग्याला कॉमर्स शिकते. तिच्या वडिलांनी खरेदीच्या वेळी रॅम वाढवली नव्हती आणि नंतर त्यांना त्याची रुखरुख लागली. ती लॅपटॉप घेऊन आली. "काका, बघा ना, रोज सत्तर टक्के भरलेली दाखवतोय. बाबा म्हणतात आत्ताच वाढवून घे." कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की विंडोजचे टास्क मॅनेजर उघडते. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. तिथे सगळे लिहिलेले होते : वापरात ५.३ जीबी, दोनपैकी एक स्लॉट भरलेला, एक रिकामा. मी तिला म्हटले, तू रोज जे करतेस ते सगळे उघड. तिने टॅली उघडले, एक्सेल उघडले, रेकॉर्ड केलेले लेक्चर लावले, ब्राउझरचे टॅब एकामागून एक उघडत गेली. आकडा साडेसहाच्या वर गेला आणि तिथेच थांबला. काहीही अडकले नाही. रोजचे सगळे काम उघडूनही जागा उरत होती, त्यामुळे सत्तर टक्के हा आकडा आजाराचे लक्षण नव्हता. लॅपटॉप सकाळी सुरू व्हायला वेळ घेत होता तो दुसऱ्याच कारणाने. दुकानातून भरून आलेले, कधीही न वापरलेले पाच-सात प्रोग्रॅम मशीन सुरू होताच जागे होत होते. ते बंद केले. रॅमचा खर्च तिथेच टळला.

तिचा मावसभाऊ कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला आहे. त्याच्याकडेही आठ जीबीचाच लॅपटॉप होता, पण त्याची गोष्ट वेगळी होती. तो अँड्रॉइड स्टुडिओ आणि त्यातला एम्युलेटर, म्हणजे पडद्यावर चालणारा खोटा फोन, एकत्र उघडायचा. त्या जोडीसाठी किमान १६ जीबीची शिफारस असते. त्याच मेमरीच्या पानावर 'कमिटेड' म्हणून दोन आकडे असतात. पहिला आकडा म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमांनी मिळून मागितलेली जागा. त्याचा तो आकडा तेराच्या पुढे गेला होता, मशीनमध्ये आठच होती, आणि डिस्क सतत शंभर टक्के चालू दिसत होती. इथे वाढवणे हा चैनीचा खर्च नव्हता. रात्री दोनपर्यंत पडद्याकडे बघत बसणाऱ्या मुलाचे तास त्यात जात होते. जिथे गरज मोजून सिद्ध होते तिथे पैसे मोकळ्या हाताने खर्च करावेत. काटकसरीच्या नावाखाली मुलाचा वेळ जाळणे हीसुद्धा उधळपट्टीच आहे.

आणखी एक गोष्ट न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. ज्या मशीनमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड नसते, तिथे चित्राचे कामही रॅममधूनच चालते. एका स्लॉटमध्ये एकच स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, असेल तर प्रोसेसरला एकाच वाटेने ये-जा करावी लागते. तशीच दुसरी स्टिक बसवली की दोन वाटा खुल्या होतात, आणि व्हिडीओ एडिटिंग किंवा गेम यांत फरक दिसतो. म्हणजे "रॅम वाढवणे ही निव्वळ दुकानदाराची युक्ती" असेही सरसकट म्हणता येत नाही. म्हणूनच उत्तर माणसागणिक बदलते, आणि म्हणूनच ते काउंटरवर मिळत नाही.

आता कंपन्यांकडे वळू. जून २०१२मध्ये ॲपलने रेटिना पडद्याचा मॅकबुक प्रो आणला आणि त्यात रॅम बोर्डालाच सोल्डर केली. पुढे इतर कंपन्यांच्या सडपातळ लॅपटॉपांतही तीच रीत आली. याला तांत्रिक कारण आहे. बोर्डावर प्रोसेसरच्या अगदी जवळ बसवलेली एलपीडीडीआर जातीची रॅम वीज कमी खाते, वेगाने चालते आणि जागा वाचवते. पण त्यामुळे एक हक्क गेला, तो म्हणजे नंतर ठरवण्याचा. पहिल्या दिवशी जी घेतली तीच शेवटपर्यंत, आणि त्या दिवशी जास्तीची हवी असेल तर कंपनी म्हणेल तो भाव. ॲपल कित्येक वर्षे आठावरून सोळा जीबीवर जायचे अमेरिकेत २०० डॉलर घेत असे. ऑक्टोबर २०२४मध्ये तिने लॅपटॉपची सुरुवातच १६ जीबीपासून केली. आणि पातळ मशीनला सोल्डर करण्यावाचून गत्यंतर नाही, हा युक्तिवादही आता ढिला पडू लागला आहे. स्क्रूने बसणारी आणि काढता येणारी एलपीकॅम२ ही नवी रॅम लेनोवोने २०२४मध्ये आपल्या एका थिंकपॅडमध्ये बसवून दाखवली. इच्छा असेल तर वाट निघते.

म्हणून दुकानात विचारायचा प्रश्न "किती जीबी?" हा दुसरा. पहिला प्रश्न असा : "रॅम स्लॉटमध्ये आहे की ऑनबोर्ड? स्लॉट किती, रिकामे किती, जास्तीत जास्त किती टाकता येते?" मांडलेला नमुना चालू असेल तर टास्क मॅनेजरमध्ये आपण स्वतःच बघावे. 'फॉर्म फॅक्टर'समोर एसओडीआयएमएम असेल तर स्टिक बदलता येते. 'रो ऑफ चिप्स' लिहिले असेल तर ती कायमची जोडलेली. कामासाठी सोल्डर केलेलेच मशीन घ्यावे लागत असेल, तर मात्र सुरुवातीलाच पुढच्या चार-पाच वर्षांचा विचार करून १६ घ्यावी. तिथे थांबण्याला अर्थ नाही.

मशीन उघडणारे मिळाले, तरी उघडतो कोण? आपल्या सुशिक्षित घरांत याचे उत्तर ठरलेले आहे : 'माणूस' बोलवायचा. लॅपटॉप लॅमिंग्टन रोडवर न्यायचा, नाहीतर नाक्यावरच्या मुलाला द्यायचा. त्या मुलांच्या कसबाबद्दल मला आदर आहे, आणि कठीण दुरुस्ती त्यांच्याकडेच जायला हवी. पण चार वर्षे इंजिनीअरिंग शिकलेला मुलगा स्वतःच्या लॅपटॉपचे मागचे झाकण एकदाही न उघडता पदवी घेतो, आणि त्याच्या घरच्यांना त्यात काही वावगे वाटत नाही, हे कसबाच्या अभावामुळे होत नाही. हात काळे करणे हे 'त्यांचे' काम, हा जुना समज अजून आपल्या घरात पाय पसरून बसला आहे. लोखंड, चामडे, लाकूड, माती यांना हात लावणाऱ्याला आपण शतकानुशतके खालच्या पायरीवर बसवले. आज त्या यादीत स्क्रू ड्रायव्हर आला आहे. लॅपटॉप वापरणारा साहेब आणि लॅपटॉप उघडणारा पोऱ्या, ही वाटणी यंत्राने केलेली नाही.

हे मला अँटॉप हिलमध्ये बसून लिहिताना अधिक खुपते, कारण इथून माटुंग्याचे व्हीजेटीआय चालत जाण्याइतके जवळ आहे. या संस्थेत एके काळी लक्ष्मणराव किर्लोस्कर यांत्रिक ड्रॉइंग शिकवत असत. त्या काळी ती भायखळ्याला होती, माटुंग्याला ती १९२३मध्ये आली. लक्ष्मणरावांनी ती मानाची शिक्षकाची नोकरी सोडली आणि बेळगावात भावाबरोबर सायकलचे दुकान थाटले. सायकली विकल्या, दुरुस्त केल्या, लोकांना चालवायला शिकवल्या. त्यातून पुढे लोखंडी नांगर निघाला, आणि १९१०मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. पांढरपेशा माणसाने हातात पाना घेतला की काय घडू शकते, याचे याहून मोठे उदाहरण महाराष्ट्राला शोधावे लागणार नाही. त्याच संस्थेच्या आसपास वाढणाऱ्या आपल्या मुलांना आठ-दहा स्क्रूंची भीती वाटावी?

त्या मावसभावाच्या लॅपटॉपची रॅम आमच्या घरच्या जेवणाच्या टेबलावर बसवली गेली, आणि ती बसवली त्या कॉमर्सवाल्या मुलीने. कंपनीने त्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका संकेतस्थळावर मोफत ठेवली आहे, ती तिने आदल्या दिवशी वाचून काढली होती. लॅपटॉप पूर्ण बंद केला, चार्जर काढला, उपडा घातला. स्क्रू काढून ज्या जागेचा त्याच जागेच्या क्रमाने कागदावर मांडले, कारण दोन स्क्रू इतरांपेक्षा लांब होते. जुने एटीएम कार्ड कडेने सरकवत झाकणाचे खटके सोडवले. आत सगळ्यात आधी बॅटरीची जोडणी सोडवली. रॅमला हात लावण्यापूर्वी अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून लोखंडी ग्रिलला हात लावला. नव्या स्टिकची खाच आणि स्लॉटमधला दाता जुळवून ती तिरकी आत सरकवली आणि हलकेच खाली दाबली. दोन्ही बाजूंच्या क्लिपा टकदिशी बसल्या. डीडीआर४ आणि डीडीआर५ यांच्या खाचा वेगळ्या जागी असतात, म्हणून चुकीची स्टिक बसतच नाही. तिथे जोर करायचा नसतो, थांबून लेबल वाचायचे असते. पहिल्यांदा सुरू केल्यावर पडदा बराच वेळ काळा राहिला आणि भावाचा चेहरा उतरला. "थांब रे, पुस्तिकेत लिहिलंय, नवी रॅम ओळखायला वेळ लागतो," ती म्हणाली. थोड्या वेळाने १६ जीबी दिसली. तिच्या आईने हे सगळे शेजारी उभे राहून पाहिले होते. दुसऱ्या दिवशी त्या माउलीने मिक्सरचा बिघडलेला स्विच मुलीपुढे आणून ठेवला. मुलीच्या हाती पोळपाट-लाटणे देताना आपण कधी विचार करत नाही, मग स्क्रू ड्रायव्हर देताना एवढा का करतो?

"पण वॉरंटी जाईल" ही धास्ती दुकानात मुद्दाम पेरली जाते. वॉरंटीचा कागद वाचावा. अनेक कंपन्या रॅम बदलणे ग्राहकाचेच काम मानतात. उघडताना आपल्या हातून काही मोडले तर तेवढ्याची जबाबदारी त्या घेणार नाहीत, आणि ते रास्त आहे. शंका असेल तर कंपनीला ईमेल करून लेखी उत्तर मागावे. बाहेर दुरुस्ती केली म्हणून हमी काढून घेण्याचा प्रश्न आपल्या देशात आधीच ऐरणीवर आलेला आहे. ऑगस्ट २०१४मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. सुटे भाग खुल्या बाजारात मिळू न देणे आणि बाहेरच्या गॅरेजात नेली की वॉरंटी नाकारणे, हे त्यांचे अपराध होते. पुढे प्रकरण अपिलात गेले, पण तत्त्व स्पष्ट झाले. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या विषयावर समिती नेमली आणि त्याच डिसेंबरात त्यासाठी पोर्टल सुरू केले. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी हे गुणांनी सांगणाऱ्या निर्देशांकाबद्दल नेमलेल्या समितीने मे २०२५मध्ये अहवाल दिला. खरेदीच्या ठिकाणीच ते गुण दिसावेत, अशी शिफारस त्यात आहे. फ्रान्समध्ये १ जानेवारी २०२१पासून लॅपटॉपवर असे दहापैकी गुण छापावे लागू लागले. आपल्याकडे ते यायचे तर मागणी आपणच करायला हवी. मुंबई ग्राहक पंचायत याच शहरात १९७५पासून उभी आहे. शेकडो घरांनी एकत्र येऊन किराणा घेण्याची रीत तिने मध्यमवर्गाला घालून दिली. डाळ-तांदळात जमले ते लॅपटॉपच्या बाबतीत का जमू नये? एकाच इमारतीतल्या पाच पालकांनी एकाच आठवड्यात "उघडणारे दाखवा" म्हटले, तर दुकानदार कंपनीच्या प्रतिनिधीला ते सांगितल्यावाचून राहणार नाही.

रॅमच्या भावाबद्दलही बोलायला हवे. "नंतर घ्या, स्वस्त होईल" हा सल्ला वर्षानुवर्षे खरा ठरत आला. २०२५च्या उत्तरार्धात तो फसला. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीनच कंपन्या बनवतात. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरांनी त्यांच्या कारखान्यांची क्षमता स्वतःकडे ओढून घेतली, आणि सामान्यांच्या स्टिकचे भाव भराभर चढले. ३ डिसेंबर २०२५ला मायक्रॉनने क्रूशियल या नावाने किरकोळ ग्राहकांना विकायचा आपला धंदाच बंद करत असल्याचे जाहीर केले. आता कोणी म्हणेल, मग आधीच भरून ठेवलेले बरे. माझे मत उलट आहे. वस्तू महाग होते तेव्हा ती गरजेवाचून घेणे दुप्पट वाईट, आपल्यासाठी आणि ज्याला ती खरोखर हवी त्याच्यासाठीही. त्या मुलीने न घेतलेली स्टिक तिच्या भावासारख्या कोणाच्या तरी कामी येते.

आणि टाकून दिलेल्या मशीनचे काय होते, हे अँटॉप हिलच्या माणसाला दूर जाऊन बघावे लागत नाही. धारावी आणि कुर्ला इथून जवळ आहेत. तिथल्या गाळ्यांत हाताने लॅपटॉप फोडले जातात. रॅमच्या स्टिकच्या कडेला जे पिवळे दात दिसतात त्यांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. तो काढायला आम्ल वापरतात, त्याची वाफ काम करणाऱ्यांच्या छातीत जाते आणि उरलेले पाणी गटारात. २०२२मध्ये जगात सुमारे ६.२ कोटी टन इलेक्ट्रॉनिक कचरा झाला, आणि त्यातला एक चतुर्थांशही रीतसर गोळा करून त्यावर प्रक्रिया झाल्याची नोंद नाही. १ एप्रिल २०२३पासून आपल्याकडे नवे ई-कचरा नियम लागू झाले आहेत आणि उत्पादकांवर जबाबदारीही टाकली आहे. तरी कचरा कमी करायचा सर्वांत सोपा उपाय नियमात नाही, आपल्या टेबलावर आहे : चार वर्षांचा लॅपटॉप एका स्टिकने आणखी तीन वर्षे चालवणे. लॅपटॉपमुळे पर्यावरणावर पडणारा बहुतेक भार तो तयार होतानाच पडून गेलेला असतो.

आमच्याकडे मंडळांच्या अभ्यासिका आहेत. परीक्षेच्या दिवसांत मुले तिथे रात्र-रात्र बसतात. मंडळांनी तिथल्या कपाटात स्क्रू ड्रायव्हरचा एक चांगला संच ठेवावा, आणि महिन्यातून एका रविवारी येईल त्याचे मशीन मोजून द्यावे, लागले तर उघडून द्यावे. संगम नगरातला, कोकरी आगारातला एखादा दुरुस्ती करणारा मुलगा तिथे शिक्षक म्हणून मानाने बोलवावा आणि त्याला मानधन द्यावे. कॉलनीतल्या मुलांनी त्याला 'सर' म्हणावे.

रॅम बदलताना निघालेली जुनी स्टिक दुकानदाराकडे राहू देऊ नका, मागून घ्या, ती तुमची आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला, त्यामुळे बरेच चालते लॅपटॉप आज घरोघरी माळ्यावर पडले आहेत. त्यांतल्या कित्येकांत चारच जीबी आहे. जात जुळत असेल तर तुमची ती आठाची स्टिक त्यात बसते, वर लिनक्स चढवता येते, आणि महापालिकेच्या शाळेत नववी-दहावीला असलेल्या मुलाला टायपिंग, इंटरनेट आणि अभ्यासाचे व्हिडीओ यांसाठी ते मशीन पुरते. अभ्यासिकेच्या कपाटात स्क्रू ड्रायव्हरशेजारी अशा स्टिकांचा एक डबा ठेवावा, वर डीडीआर३, डीडीआर४, डीडीआर५ अशी लेबले लावून.